काकूंची सायकल आणि लोकांचे दात

काकू पन्नाशीला सायकल शिकल्या, पण अर्धीच. चढता येऊ लागलं, चालवता येऊ लागलं, आणि उतरायचा धडा बाकी असतानाच शिकवणाऱ्या नणंदेची बदली झाली. जाताना ती आपली सायकल काकूंच्या गळ्यात मारून गेली. तेव्हापासून काकू रोज कामावर सायकलने येत आणि फाटकाला धडकून थांबत.

काम होतं कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात. कारखान्याला डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे आणावे लागत आणि तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवाव्या लागत. त्यासाठी मालकांनी व्हॅन पोसली होती. पोसलीच म्हणायचं, कारण ती हत्तीसारखी खायची आणि गोगलगायीसारखी चालायची. दवाखाने सगळे जुन्या बाजारात. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून हातगाडी आली तरी ड्रायव्हरला घाम फुटे. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जाई, वर दंडाची पावती. दिवसभरात चार दवाखाने झाले तरी डोक्यावरून पाणी.

एका सोमवारी नळांसाठी बाजाराचा रस्ता खणला आणि पेट्रोल भरायला गेलेली व्हॅन पुलावरच अडकली. नेमकी त्याच दिवशी एका मुख्याध्यापकांची कवळी द्यायची होती. अकरा वाजता त्यांचं निरोपाचं भाषण, आणि जुनी कवळी कुत्र्याने पळवलेली. डॉक्टरांचे फोनवर फोन येत होते. मालक कपाळाला हात लावून बसले. काकूंनी कवळीचा डबा पिशवीत टाकला, सोबत बाजारातल्या बाकी दवाखान्यांच्या कवळ्याही घेतल्या आणि पिशवी हँडलला अडकवली.

"काकू, अहो, तुम्हाला उतरता येत नाही," मालक म्हणाले.

"जाता तर येतं ना? उतरायचं तिथं गेल्यावर बघू."

खणलेल्या रस्त्याच्या कडेला वाट उरली होती हातभर. सायकलला तेवढी रग्गड झाली. गाड्यांतले लोक काचा खाली करून बघत होते आणि काकू सुळसुळत पुढे चालल्या होत्या. पिशवीत सगळ्या कवळ्या खुळखुळत होत्या, जणू डझनभर माणसं पोट धरून हसत होती. मग काकूंनाही हसू आवरेना.

सातव्या मिनिटाला दवाखाना आला आणि मागेही पडला. मुख्याध्यापक पायरीवर तोंडाला रुमाल लावून उभे होते. काकूंनी चौकातून वळसा घातला, दुसऱ्या फेरीत डबा त्यांच्या हातात टेकवला, तिसऱ्या फेरीत कंपाउंडरने कॅरियर धरून त्यांना थोपवलं. तो भला माणूस. त्याने तिथल्या तिथे पाय कसा टेकायचा ते शिकवलं, आणि काकू उरलेल्या आठही दवाखान्यांत अगदी रीतसर उतरल्या. जेवायच्या सुट्टीला परत हजर.

मालकांचा विश्वास बसेना. त्यांनी आठवडाभर बघितलं, मग पेट्रोल, दंड आणि गॅरेज यांची बेरीज मांडली आणि महिन्याच्या आत व्हॅन विकली. ड्रायव्हरला दातांना चकाकी आणायच्या टेबलावर बसवलं. त्याची कंबर दुखायची थांबली आणि तो गुणगुणत काम करू लागला. सकाळी मोडलेली कवळी दुपारी दुरुस्त होऊन तोंडात बसते, असं कळल्यावर नदीपलीकडचे डॉक्टरही काम पाठवू लागले. काकूंचा पगार वाढला. पायांत गोळे यायचेही कमी झाले, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, नाहीतर मालक म्हणायचे, औषधाचे पैसे वाचले, मग पगारवाढ कशाला.

आता त्या चारलाच घरी पोचू लागल्या. एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला कॅरियरवर बसवलं आणि नदीकडच्या उतारावर सायकल सोडली. काका शर्टाचं टोक धरून "अगं, हळू, हळू" करत राहिले. काकूंनी दोन्ही पाय पेडलवरून उचलले आणि हवेत पसरले.

"तुम्ही फक्त वळणावर माझ्यासोबत झुका," त्या म्हणाल्या.

काका झुकले. खाली पोचल्यावर त्यांनी चष्मा सरळ केला, उतार एकदा वरपर्यंत न्याहाळला आणि सायकल स्वतःच वर ढकलू लागले.