काळ्याला वार नाही

नातीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, तिथं मॅडमनी तिच्या डब्याचं झाकण दोन बोटांनी उचललं. बोटांत कागदी रुमाल होता. आतली भाकर त्यांनी तिथं उभ्या असलेल्या बाकी पोरांच्या आयांना दाखवली आणि मला विचारलं, "आजोबा, आज हिरवा दिवस आहे. हे काय आहे?"

मी म्हटलं, "नागलीची भाकर. तुमची नाचणी. वर मेथी हाय. मेथी हिरवीच असते."

त्यातली एक बाई म्हणाली, "मला वाटलं गाडीचं ग्रीस लागलंय." सगळ्या हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या समजुतीनं बोलल्या, ते जास्त लागलं. "मुलांना बघून खावंसं वाटलं पाहिजे ना, आजोबा. बाकीची मुलं तिच्या शेजारी बसून खात नाहीत. म्हणून तिला आम्ही तिकडे बसवतो."

तिकडे म्हणजे चपलांच्या कपाटाजवळ. माझी नात तिथं बसली होती. पहिलीत आहे. तोंड भिंतीकडं. आजा आलाय हे तिला आवाजावरून कळलं असणार. तरी वळून पाहिलं नाही.

मी हात जोडले. "चुकलं," म्हणालो आणि बाहेर आलो.

चुकलं. मी. गावाकडं, पेठच्या डोंगरात, फॉरेस्टच्या साहेबानं माझ्या हातातून कोयता हिसकावला होता. तेव्हाही हा शब्द तोंडातून निघाला नव्हता.

पण त्या शाळेत नातीची जागा फुकटची आहे. मोठ्या शाळांनी गरिबांच्या पोरांना काही जागा द्यायच्या असा सरकारचा नियम आहे. सोडतीत तिचा नंबर लागला, तेव्हा मुलानं पेठ रोडच्या आमच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मुलगा शहरातल्याच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये माल चढवतो. सून पहाटेच्या पाळीला कंपनीत जाते. म्हणून डबा माझ्याकडं. म्हातारी गेल्यापासून भाकर मीच थापतो. चांगली थापतो.

त्या दिवशी मुलगा म्हणाला, "बा, सीट फुकटची हाय. त्यांच्या डोळ्यावर येऊ नको. पांढरं म्हणले तर पांढरं दे."

"आन नागली?"

"घरी खाऊ की. घरी कोण बघतंय."

घरी कोण बघतंय. ज्याची हाडं नागलीवर वाढली, तो हे बोलला. जेवता जेवता बोलला.

शाळेत डब्याला रंग ठरलेला. सोमवारी पिवळा, मंगळवारी हिरवा, असं शुक्रवारच्या पांढऱ्यापर्यंत. म्हणे त्यानं पोरं सगळं खायला शिकतात. यात वाईट काही नाही, मी तसं म्हणतही नाही. पण काळ्याला वार नव्हता.

मग मी शिकलो. पिवळ्याला बेसनाचं धिरडं. हिरव्याला पालकाची पुरी. तांबड्याला बीट किसून पराठा. पांढऱ्याला इडली. भांडं शेजारणीकडून आणलं, पहिल्या इडल्या दगड झाल्या, तरी हटलो नाही. पण पोरीचं पोट त्यावर भरेना. तिला भाकर लागते. मग मी धिरड्याच्या घडीत भाकरीचा तुकडा घालायला लागलो. पराठ्याचे दोन थर, मधे काळं. या वयात चोरी शिकलो, तीही घरच्याच भाकरीची.

पोरगी कपाटाजवळून रांगेत आली. मॅडमनी तिच्या हातावर चांदणी चिकटवली. मुलगा खूश. मला मात्र तव्यासमोर उभं राहावंसं वाटेना. तोंड उघडलं तर पोरीची शाळा जाते. गप बसलो तरी काहीतरी जात होतं, ते काय हे मला सांगता येत नव्हतं.

डबा भरताना ती वाकून बघायची. "आजा, कडेनं काळं दिसतंय. नीट झाक."

मी झाकायचो.

मग एक शुक्रवार. इडल्या भरल्या आणि डबा द्यायला तिला हाक मारली. हात पुढं आले ते कोपरापर्यंत पांढरे. पावडर. गळ्याला पावडर, कानामागं पावडर.

"हे काय गं?"

"आज पांढरा दिवस ना. हात पण मॅच पाहिजेत."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

मॅडमनी सांगितलं असतं तर जाऊन भांडलो असतो. कुणीच सांगितलं नव्हतं. हे ती माझ्या तव्यापाशी उभी राहून शिकली होती.

मी तिला नळाखाली नेलं. हात धुतले, गळा पुसला. तिचा रंग माझ्या आईचा आहे. इडल्या परातीत काढल्या. भाकर थापली, खुरसणीची काळी चटणी घातली आणि डबा लावला. वर काही झाकलं नाही.

मुलगा खाटेवरून उठला. "बा, काढून टाकतील तिला."

"मी बघतो."

"तू काय बघणार? तिसरी शिकलेला."

"वाकायचं तिसरीत शिकवलं नव्हतं. ते हितं शिकलो."

पोरगी रडायला लागली. "मला परत कपाटाजवळ बसवतील."

मी खोटं सांगितलं नाही. "बसवतील. मग मी पण तिथंच बसतो."

आणि बसलो. मधल्या सुट्टीत वॉचमन ओरडत राहिला, मी आत गेलो आणि कपाटाजवळ नातीच्या शेजारी मांडी घातली. मॅडम धावत आल्या. "आजोबा, बोलावल्याशिवाय पालकांना आत परवानगी नाही."

"मग तिला रांगेत बसवा. ती बसली का मी जातो."

"विचार करून बोलताय ना? तिच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे."

"करूनच आलोय."

नात माझ्याकडं बघत नव्हती. पण खात होती.

आता सोमवारी मोठ्या मॅडमनी मुलाला बोलावलं आहे. तो म्हणतो, माफी मागून येतो. मी म्हटलं, तू गोडाऊनला जा. मी जाणार.

नागली किती पौष्टिक, डॉक्टर काय सांगतात, मॉलमध्ये तिची बिस्किटं मिळतात, यातलं एक अक्षर मी तिथं बोलणार नाही. पोरगी काय खाते याचं कारण मी कुणाला देणं लागत नाही. बाकीच्या पोरांचे आजे देतात का? आम्ही हे खातो. ती हेच खाईल, रांगेत बसून खाईल. पटावरून नाव काढायचं असेल तर माझ्यासमोर काढा, आणि कशासाठी काढलं ते सगळ्या आयांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगा. ते ऐकल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.