रेकॉर्डींना ऊन दाखवलं

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. तिच्यापाशी माझ्या पोटात काही टिकत नाही — हे मात्र टिकलं.

मला बोलायला आधीपासूनच जड जातं. चारचौघांत आवाज गळ्याच्या वर येत नाही. म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्या चौथीचंही यात काम आहे — ते येईलच पुढे.

आमचे हे तरुणपणी त्यांच्या मामाच्या लाऊडस्पीकरवर होते. खालापूरकडच्या गावांत लग्न असलं की हळदीपासून वरातीपर्यंत रेकॉर्डी लावायचं काम यांचं. पुढे मोहोपाड्याला कारखान्यात लागले, आणि मामाने दिलेली रेकॉर्डींची ट्रंक माळ्यावर गेली. मी ती कधी उघडली नाही. का नाही उघडली? ते माझ्या मनातच आलं नाही.

ती उघडली सुनेने. मृणाल ठाण्याची. दुसऱ्या सुना माहेराहून भांडी आणतात, हिने रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणलं. मग यांचं आणि तिचं सुरू झालं. मऊ फडक्याने पुसणं, भंगारवाल्यांकडे शोधणं, एखादी मिळाली की दारातूनच हाका. इतकी वर्षं कामावरून आल्यावर ज्यांनी मला "जेवायला काय?" याच्या पलीकडे फारसं विचारलं नाही, ते तिला सांगत बसायचे — कुठल्या गावच्या वरातीत कुठली रेकॉर्ड अडकली, नवरदेव कसा घोड्यावर ताटकळला. मला यातलं एकही ठाऊक नव्हतं. मी आतून ऐकायची आणि जळायची. दुसरा शब्द मला सापडत नाही.

एकदा तिने वेगळीच रेकॉर्ड आणली. तीत गाणं नाही, ठेका नाही. एक सूर येतो, रेंगाळतो, दुसरा हळूच त्यात मिसळतो. "अँबियंट म्हणतात याला, बाबा," ती म्हणाली. हे हसले. "सुरू कधी होनार गं हे?"

मी भाकरी थापत होते. हात थांबला. लहानपणी मी विजेच्या खांबाला कान लावून उभी राहायची — आत गुणगुण चाललेली असायची. ती कुणाला सांगावी असं कधी वाटलं नव्हतं. आणि ती इथे होती, माझ्या घरात, त्या काळ्या तबकडीत! मला किती आनंद झाला म्हणून सांगू? पण सांगितला कुणाला? कुणालाच नाही.

मग मृणाल घरून काम करताना ती रेकॉर्ड लावायची, तेव्हा मी मेथी घेऊन तिच्या दाराशी बसायची. तिने ओळखलं असावं. एका दुपारी तिने माझा हात धरून सुई कशी ठेवायची ते दाखवलं. आणि म्हणाली, "आई, फक्त यांना ऊन लागू द्यायचं नाही हं. वाकतात." मी मान डोलावली.

पुढे एका रविवारी ती म्हणाली, "आज कुठली लावायची ते आईंना विचारूया." हे म्हणाले, "तिला काय इचारतेस गं? तिला मिक्सर लाव, ती खूष!"

मृणाल हसली. थोडंसंच — पण हसली.

मे महिना होता. शेलूला नव्या बिल्डिंगीत कुणीतरी जुन्या रेकॉर्डी काढून टाकणार होतं, म्हणून दोघं सकाळीच स्कूटीवरून गेली. येतेस का, असं मला कुणी म्हणालं नाही. गच्चीवर माझं वाळवण होतं. पापड पसरून झाले आणि मी खाली येऊन रेकॉर्डींचं कपाट उघडलं. त्यांना गेल्या पावसाळ्यातला कुबट वास होताच. आमच्याकडे गादी असो, डाळ असो, कुबटलं की त्याला ऊन दाखवतात. कुणाला शंका येणार नव्हती. हे मी जिना चढतानाच ठरवलं होतं.

पाकिटांतून काढून सगळ्या जुन्या लुगड्यावर मांडल्या. मामाच्या, नव्या आणलेल्या — आणि ती गुणगुणीचीही. तीच तर मला आवडायची. मग का? ती मृणालची होती म्हणून. पापड उलटले तेव्हा मी रेकॉर्डीही उलटल्या. कडा बोटाला मऊ लागल्या.

हे आले आणि गच्चीच्या दारातच थांबले, मागे मृणाल. "अगं, काय केलंस ह्ये?"

"कुबट वास येत होता हो. ऊन दाखवलं. मला काय ठाऊक, मी चौथी शिकलेली."

हे पापडांशेजारी खाली बसले. मामाच्या रेकॉर्डी द्रोणासारख्या झाल्या होत्या. एक उचलून त्यांनी गुडघ्यावर दाबून पाहिली, ती तडकली. तुकडे लुगड्यावर ठेवत म्हणाले, "जाऊ दे. तुला काय म्हाईत."

तेवढ्यात मृणाल म्हणाली, "बाबा, चूक माझी आहे. मी आईंना कधी सांगितलंच नव्हतं."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ती विसरली होती का? की विसरली नव्हती? मी खाली वाकून पापड गोळा करायला लागले.

आता हे भंगारवाल्यांकडे जात नाहीत. संध्याकाळी टीव्ही बघतात. रिकामी ट्रंक माळ्यावर गेली. राग नाही त्यांना. उलट पाहुणे आले की मजेने सांगतात, "आमच्या हिनं रेकॉर्डींचे पापड केले!" सगळे हसतात, मीही पदर तोंडाला लावून हसते. मृणाल हसत नाही.

ती गुणगुणीची वाकडी रेकॉर्ड तिने फेकलेली नाही. अजून कधीकधी लावते. सुई चढते, उतरते, आणि प्रत्येक फेऱ्यात सूर एकदा लटपटतो. ती दार उघडं ठेवते. मी भाजी घेऊन दाराशी बसते.

मला माहीत होतं. गच्चीवर त्या मांडताना मला नीट माहीत होतं.