डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

हे मी मृणालला सांगितलेलं नाही, म्हणजे कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोपासून लपवलेली गोष्ट ज्याच्याजवळ बोलावी असा मित्र मला इथे आयर्लंडमधल्या कासलबारमध्ये नाही, आणि पुण्याच्या मित्रांना बर्फ म्हटलं की नुसते फोटो हवे असतात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मध्येमध्ये अडखळेन. स्वतःची वकिली करायला लागलो तर तिथेच थांबवा — ती सवय मला आहे.

आधी माझं काम सांगतो, त्याशिवाय माझा निर्लज्जपणा कळायचा नाही. मी इथे वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. लाइनवर काही बिघडलं की ते का बिघडलं हे शोधून रिपोर्ट लिहायचा, ही माझी रोजीरोटी. त्या रिपोर्टात एक सोपी पळवाट असते — 'ऑपरेटर एरर'. मशीन ठीक, पद्धत ठीक, माणूस चुकला, फाइल बंद. माझ्या टीमला मी ते लिहू देत नाही. माणूस चुकला म्हणता, पण त्याच्या हातात आपण काय दिलं होतं ते आधी बघा, असं मी दर मीटिंगला ऐकवतो. लोक माना डोलावतात. मलाही ते वाक्य फार आवडतं.

तर गाडी. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही सेकंडहँड एसयूव्ही घेतली. मृणाल इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. कोविडच्या त्या दिवसांत तिला घरी बसण्याची सोय नव्हती, आणि आम्ही राहतो गावाबाहेर. तिने ड्रायव्हिंगची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास केली होती, लॉकडाऊन लागायच्या जरा आधी. नवशिक्या ड्रायव्हरने दोन वर्षं गाडीला पुढे-मागे 'एन' अक्षराची पाटी लावायची असा इथे नियम आहे. ती पाटी तिने इतक्या कौतुकाने चिकटवली की मी हसलो होतो.

गाडीची पूजा केली. हळदकुंकू, नारळ, चाकांखाली चार लिंबं. शेजारचा डेक्लन — निवृत्त ट्रक ड्रायव्हर — कुंपणाशी उभं राहून सगळं नीट बघत होता. लिंबं चिरडून झाल्यावर तो वाकून मागचे टायर बघायला लागला. हिवाळ्यापर्यंत ग्रँड आहेत, म्हणजे चालतील, म्हणाला, पण पुढे नाही, बदलून घे. मी काय करावं? मी त्याला आत बसवून ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाखवलं. चाक घसरायला लागलं की गाडी आपणहून ताकद कमी करते, घसरणं आवरते, वगैरे वगैरे. मी इंजिनिअर ना! तो म्हणाला, रबरानेच रस्ता धरला नाही तर कॉम्प्युटर काय धरणार? मी मनात म्हटलं, म्हातारा जुन्या जमान्यातला आहे. टायर बदलले नाहीत. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी असताना टायर झिजणार तरी कुठे — असं माझं गणित. झिजलेला टायर आपोआप भरून येत नाही, हे त्या गणितात नव्हतं.

जानेवारीत बर्फ पडलं. फार नाही, पण खाली गोठलेलं. मृणालची शिफ्ट आठची. साडेसातला उजाडलेलंही नव्हतं. मी बाहेर जाऊन गाडी काढायला लागलो, तर आमच्या दारातला चढ चढेना. चाक जरा फिरलं की ट्रॅक्शन कंट्रोल ताकद काढून घ्यायचं. मग मी ते बटण दाबून धरलं. तेही बंद, आणि गाडी आडवी जाऊ न देणारी यंत्रणाही बंद. अशा वेळी ते बंद करतातच, त्यात चूक नव्हती. चाकं गरगर फिरली, गाडी उसळून वर आली. मला कोण आनंद झाला! गाडी रस्त्यावर आणली, हीटर लावला, तिला ऊबदार सीट मिळावी म्हणून इंजिन चालूच ठेवलं आणि चहा प्यायला आत आलो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर सगळं आपोआप पूर्ववत झालं असतं. नाही केलं. गाडी गरम आहे, निघ, असं तिला म्हटलं आणि बिस्किट बुडवलं.

विसरलो. इथपर्यंत ती विसरणाऱ्याची चूक होती — टायर सोडून. ते विसरलो नव्हतो, टाळले होते.

दहा मिनिटांत तिचा फोन आला. मी चालत गेलो. पहिल्याच वळणावर गाडीचा मागचा भाग दगडी भिंतीत गेला होता. मृणाल रस्त्याच्या कडेला डबा हातात घेऊन उभी होती. तिला फारसं लागलं नव्हतं, मनगट दुखावलं होतं. पण ती एकच घोकत होती — आजचे सॅम्पल कोण लावणार, लॅबमधल्या दोघी आधीच आजारी आहेत. गाडीचं इंजिन अजून चालू होतं. ते बंद करायला मी आत वाकलो, आणि डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा. घसरणाऱ्या गाडीचं छोटं चित्र, खाली लिहिलेलं — ऑफ.

मला कळायला किती वेळ लागला असेल? एक श्वास. मी मागे वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी इंजिन बंद केलं. दिवा विझला.

मग तिने विचारलं, "मी ब्रेक जोरात दाबला का रे?"

बघा, तिला खरंच माहीत नव्हतं. ती मला विचारत होती, कारण घरात गाडीतलं मला कळतं. आणि मी म्हणालो, "दाबलास ना. बर्फात असा ब्रेक दाबतात का, मृणाल?"

मी हे रागावून म्हणालो, तेही सांगायला हवं. घाबरून नव्हे, चिडून — जणू तिने माझी गाडी आपटली होती. आणि तिने — हे सांगताना मला माझाच संताप येतो — तिने मला सॉरी म्हटलं. दोनदा.

एकदा जीभ घसरली, असं म्हणता येईल का? नाही. कारण पुढच्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये असताना मी मागचे दोन्ही टायर गुपचूप बदलून घेतले, आणि घरी येऊन सांगितलं की सगळं तपासलं, गाडीत काहीही दोष नव्हता. हे शांत डोक्याने म्हणालो. फाइल बंद. ऑपरेटर एरर.

तिने त्याच संध्याकाळी 'एन'च्या पाट्या काढल्या आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये — कपाटाला आता आम्हीही प्रेसच म्हणतो — डाळींच्या डब्यांमागे ठेवून दिल्या. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मी तिला रोज सोडतो, रोज आणतो. इथल्या मराठी मंडळींत माझं नाव निघालं की बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवतात, बघा जरा. मी हसून चहाचे कप उचलतो.

आणि मी चिडतो, ते वेगळंच. मीटिंग सोडून तिला आणायला निघताना चिडतो. ऑगस्टच्या लख्ख उन्हात तिच्यावर ओरडलो — एवढं काय घाबरायचं, सगळं जग गाडी चालवतं! ती कांदा चिरत राहिली. त्याच महिन्यात तिला लॅबमध्ये वरची जागा देऊ केली होती. तिच्या मनात ती जागा आल्या दिवसापासून होती. पण फोन आला की कुठल्याही वेळी हजर व्हायचं, ही अट. तिने नकार कळवला, आणि मला नंतर सांगितलं. तुला किती पळवू, असं म्हणाली. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? एक वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, जाऊ दे, पुन्हा संधी येईल.

आमची मुलगी इरा आठ वर्षांची आहे. आम्ही मराठीत बोलतो, ती आयरिश इंग्रजीत उत्तर देते. परवा डेक्लनने तिला सहज विचारलं, आई हल्ली गाडी चालवत नाही का? "मॅम्स नॉट अ गुड ड्रायव्हर," ती म्हणाली. "डॅड सेज." मी तिथेच उभा होतो. डेक्लनने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीच्या नव्या टायरांकडे पाहिलं, आणि आत निघून गेला.

मूळ कारण शोधणं माझा धंदा आहे. ते सापडायला मला जानेवारी ते डिसेंबर लागले नाहीत, पहिल्याच दिवशी सापडलं होतं. मला तिच्या नजरेत हुशार राहायचं होतं. त्यासाठी तिला तिच्याच नजरेत उतरवलं. एवढंच आहे ते.

आता पुन्हा हिवाळा आला आहे. सकाळी ती माझ्या डाव्या बाजूला बसते, डबा मांडीवर. ते वळण आलं की तिचं बोलणं थांबतं आणि उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जातो — अलगद, अगदी हळू, बर्फात दाबावा तसा. तिथे ब्रेक नाही. वळण संपेपर्यंत ती पाय उचलत नाही, आणि मी समोर बघत गाडी चालवत राहतो.