अळ्या पाळणारं डिपार्टमेंट

आमच्या डिपार्टमेंटमध्ये पदं भरत नाहीत, केमिकल्स वेळेवर येत नाहीत, एसी दुरुस्त होत नाही. किस्से मात्र न मागता साचत जातात! झाडून काढावेत तर दुसऱ्या दिवशी परत तिथेच, टेबलावरच्या धुळीसारखे.

नांदेडला आमचं बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर बायॉलॉजीचं डिपार्टमेंट. कायमचे म्हणावेत असे आम्ही दोघंच. एक हेड मोरे सर, दुसरी मी. बाकी सगळे तासिका तत्त्वावर. जूनमध्ये येतात, चेहरे ओळखीचे होईपर्यंत एप्रिल येतो आणि ते जातात. पुढच्या जूनमध्ये नव्यानं "मॅडम, बाथरूम कुठंय?"पासून सुरुवात. खरं सांगते, थकायला होतं. पण घरी जाऊन नवऱ्याला दिवस कसा गेला ते सांगायला लागलं की तोच हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहतो. म्हणून म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

*

आमच्याकडे बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स आहे. नांदेड-लातूर म्हणजे घरटी एक पोरगं 'नीट'च्या क्लासला. त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात मी विचारते, "बायोकेमिस्ट्री का घेतलं?" आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच उत्तर येतं, "नीटमध्ये राहिलं, मॅडम."

एका वर्षी मुखेडचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला आवडतं म्हणून घेतलं."

अख्खा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघायला लागला. मला तर भरून आलं! घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, लातूरला आईला फोन करून सांगितलं.

आठवड्याभरात त्याचे वडील ऑफिसात हजर. "मॅडम, टीसी पाह्यजे व्हती. पोराचा बीएचएमएसला नंबर लागला."

मी मुलाकडे बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, ते पण आवडतं."

तेव्हापासून मी कुणाला काही विचारत नाही. सरळ फळ्याकडे वळते.

*

एकदा आम्ही बाहेरून एक अँटिबॉडी मागवली. एवढीशी कुपी, पण ती यायची ड्राय आइसमध्ये. हा बर्फ वितळत नाही, त्याचा सरळ वायू होऊन उडून जातो, म्हणून पार्सल वेळेत पोचावं लागतं. आमचं पार्सल गेलं लातूरला. कुरिअरवाल्याचं म्हणणं, "नांदेड काय, लातूर काय, एकच की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी टळटळीत उन्हात कुरिअरवाले काका स्कूटरवरून डबा घेऊन आले. चेहरा पडलेला.

"मॅडम, देवाशपथ सांगतो, आमच्या माणसानं बर्फ चोरला न्हाई. डब्यावर 'बर्फ' लिवलंय आन् आत पाह्यलं तर थेंबभर पानी बी न्हाई! इतक्या वर्षांत आमच्यावर असा आळ आला न्हाई."

मी म्हणाले, "काका, तुमची काही चूक नाही, तो उडूनच जातो." त्यांना ते काही पटलं नाही. बर्फ उडतो म्हणे! त्यांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. आत रसवंतीचा बर्फ काठोकाठ भरलेला, त्यात आमची कुपी पोहत होती. लेबल पार धुऊन निघालेलं.

"होता त्याच्याहून जास्तच भरलाय, मॅडम. मोजून घ्या!"

मी त्यांना चहा पाजला.

*

खंडेनवमीला शेतकरी अवजारं पुजतो, सुतार करवत पुजतो. आम्ही सगळे शेतकऱ्यांचीच पोरं, मग आम्ही नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज पुजतो. झेंडूचे हार, हळदीकुंकू, नारळ. पूजा सांगायला तासिका तत्त्वावरचे पवार सर. माणूस भाविक. नमुन्यातून प्रकाश सोडून त्यात काय किती आहे ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला बाहेरून हळद लावून त्यांचं समाधान झालं नाही. झाकण उघडून जिथे नमुना ठेवतात तिथेही चिमूटभर वाहिली.

पुढचा महिनाभर आमचं संशोधन जोरात! ज्या नमुन्यात काही नाही त्यातही रीडिंग. एक पोरगी तर धावतच आली, "मॅडम, डिस्टिल्ड वॉटरमध्ये एन्झाइम सापडलं!"

शेवटी कंपनीचा इंजिनीअर हैदराबादहून बोलावला. टाय वगैरे लावलेला, चकाचक. त्यानं झाकण उघडलं. आतली हळद, कुंकू, एक वाळलेली झेंडूची पाकळी बघून तो बाहेर गेला, बूट काढून ठेवले, परत आला आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

*

आता रेश्माबद्दल सांगायलाच हवं. रेश्मा शेख, माझी पीएचडीची विद्यार्थिनी, लातूरची. वडिलांचं टेलरिंगचं दुकान. तिचं काम घाटेअळीवर. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून पीक फस्त करते ना, ती. रेश्मानं रानतुरीच्या बियांतून एक प्रोटीन काढलं. ते पोटात गेलं की अळीला खाल्लेलं पचत नाही, ती वाढतच नाही. निदान तसं व्हावं, अशी आमची आशा.

त्यासाठी अळ्या पाळाव्या लागतात. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी. दोघी एका डबीत ठेवल्या की सकाळी एकच उरते. मोरे सर म्हणायचे, "म्हंजे आपल्या वरच्या ऑफिससारखंच."

दिवाळीच्या सुटीत डिपार्टमेंट बंद, म्हणून रेश्मा सगळ्या डब्या लातूरला घरी घेऊन गेली. रोज खायला कोण घालणार? आणि नेमकं त्याच आठवड्यात तिला बघायला उदगीरचे पाहुणे आले. शिरखुर्मा झाला, बोलणी झाली. मुलाच्या अम्मीला फडताळात छोट्या छोट्या डब्या दिसल्या. बाईंना वाटलं बडीशेप-सुपारी असेल. त्यांनी हौसेनं एक उघडली.

किंकाळी म्हणे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. मग त्या शांत झाल्या, पाणी प्याल्या आणि रेश्माच्या आईला म्हणाल्या, "लडकी पसंद है हमना. पन ये जहेज नक्को!"

रेश्मानं लग्नाला नाही म्हटलं. अळ्यांना ती नाही म्हणू शकत नव्हती.

*

तिच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली होती. मोरे सरांनी वर जाऊन भांडून शेवटची मुदतवाढ आणली. मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "या पोरीची पीएचडी गेली तर मी ह्या खुर्चीत बसणार नाही." वरून स्पष्ट उत्तर आलं, या हिवाळ्यात काम झालं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. रेश्मा त्या दिवसांत नीट जेवतही नव्हती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटचा प्रयोग जिवंत झाडांवर करायचा होता. डिपार्टमेंटच्या मागच्या शेडमध्ये हरभऱ्याच्या कुंड्यांच्या दोन रांगा. डाव्या रांगेवर नुसतं पाणी फवारलेलं, उजव्या रांगेवर रेश्माचं प्रोटीन. दोन्हीकडे प्रत्येक कुंडीत एक अळी सोडलेली, सगळ्या एकाच दिवशी जन्मलेल्या. वरून जाळी. अळ्या किती वाढल्या ते शेवटी वजन करून बघायचं, त्या दिवसापर्यंत जाळी उघडायची नाही, अळ्यांना डिवचायचं नाही, असं ठरलेलं.

वजनाच्या दिवशी सकाळी रेश्मा आणि मी तराजू घेऊन शेडमध्ये गेलो. मोरे सर आमच्या आधीच हजर होते. उत्साहाच्या भरात त्यांनी सगळ्या जाळ्या काढून, घडी घालून खुर्चीवर ठेवल्या होत्या. कानाला फोन, पलीकडे गावाकडून, लोह्याहून, त्यांचा शेतकरी भाऊ. भावाच्या हरभऱ्यावर अळी पडली होती.

"फवारनीची वाट पाहू नको रे. बाया लाव, हातानं येचायला सांग. लई बेकार असती ही. एक बी ठिवू नको!"

बोलत बोलत सर कुंड्यांमधून फिरत होते. वाकायचे, पान बाजूला करायचे, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचे, चिरडायचे. पुढची कुंडी.

रेश्मानं तराजू जमिनीवर ठेवला.

तेव्हा सरांनी आमच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. बोटं हिरवी झाली होती.

"भाऊ, ठिव फोन," एवढंच ते म्हणाले आणि पालथ्या बादलीवर मटकन बसले.

मला संताप आवरला नाही. "सर! अहो, तुम्ही पीएचडी आहात!"

"हाव," सर म्हणाले. "पर त्याच्या आधी लोह्याचा हाय. हात गेला हो. कवा गेला कळलंच न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते. हा माणूस तिच्यासाठी वरच्यांशी भांडला होता, म्हणून मी पुढचा राग गिळला.

रेश्मा डाव्या रांगेतून फिरली. एकेक कुंडी रिकामी. मग उजव्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली.

"सर, ह्या रांगेतल्या किती मारल्या?"

"तिथली एक बी न्हाई."

"का?"

"का म्हंजे? पान न् पान पाह्यलं मी. तिथं अळ्या हायतच कुठं?"

रेश्मानं ॲप्रनच्या खिशातून भिंग काढलं, एक पान उलटं केलं आणि मला हाक मारली. मी वाकून बघितलं. अळी दोऱ्याच्या तुकड्याएवढी, जवळजवळ जन्मली तेवढीच राहिली होती, पण हलत होती. पुढच्या कुंडीतही तशीच. त्याच्या पुढच्याही.

रेश्मा खाली बसली. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

"सर," ती म्हणाली, "परत एकदा म्हणा ना."

सर घाबरले. "काय म्हनू?"

"आत्ता म्हणालात ते."

"अगं," सर चाचरत म्हणाले, "तिथं अळ्या हायतच कुठं?"