अकरा नंबरचा दगड

गेनूआबा पाथरवट कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटांनी टकटक करत, कान देऊन ऐकत, मग पाणी मागत. "पोकळ हाय," एवढंच म्हणून त्यांनी अर्ध्या केडगावाची झोप उडवली होती.

आमच्या जुन्या स्टेशनाची दगडी कमान त्यांच्या आजोबांनी रचलेली. मेंढरं सोडून त्या माणसानं छिन्नी-हातोडा हाती घेतला तो त्या कमानीसाठीच. परगावचे लोक गाडी सोडून कमानच बघत राहायचे. नव्वदच्या दशकात स्टेशन वाढवायचं ठरलं आणि कमान आड आली. ठेकेदार आबांना म्हणाला, "दगड जपून काढा, पलीकडं पुन्हा उभी करू." आबांनी ते वेदवाक्य मानलं.

"गुरुजी, पाडाया अक्कल लागत न्हाई, उतरवाया लागती," म्हणत त्यांनी माझ्या हाती ब्रश दिला. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. कमानीच्या एकवीस दगडांवर मी लाल रंगानं ओळीनं आकडे घातले. मधला, माथ्यावरचा अकरावा दगड आबांनी बैलगाडीतून घरी नेला. "ह्याच्याबिगर कमान उभी ऱ्हात न्हाई. म्हंजी कवा ना कवा माझ्याकडं यावंच लागंल."

कुणी आलं नाही. ठेकेदार बदलला. ज्याला हवा त्यानं दगड उचलला. आबा मात्र दर सोमवारी स्टेशनावर जाऊन उरलेले आकडे वाचून येत.

पुढं मी घर बांधलं. "पायरीला चांगला दगड बघ," असं गवंड्याला सांगून मोकळा झालो. वास्तुशांतीला आबा आले आणि दारातच थबकले. पायरीच्या कडेला लाल सतरा होता, माझ्याच हातचा. खरंच मला ठाऊक नव्हतं. की मी मुद्दामच वाकून पाहिलं नव्हतं? अजून कळत नाही.

"आबा, उद्याच काढून देतो."

"नगं. काढताना फुटंल."

पायरीवर पाय न देता ते ती ओलांडून आत आले. पोटभर जेवले. भिंतीवर मात्र टकटक केली नाही.

काही वर्षांनी आबा गेले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन माझ्या दारात उभा. "आबांनी सांगितलं हुतं, अकरा नंबर गुरुजींकडं पोचव."

"का रे?"

"त्ये काय बोलले न्हाईत."

ही शिक्षा, की विश्वास? दगड अंगणात आहे. पायरी मीही ओलांडूनच येतो. काल त्या अकराव्या दगडावर बोटं वाजवली, कान लावला. काय ऐकायचं असतं, ते मी आबांना कधी विचारलंच नव्हतं.