दाजींचा तह

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या तमाम मराठी माणसांत जेरुसलेम शहराची काळजी वाहणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नात्यात आहे. नात्यानं ते माझे थोरले साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. आर्नहेमच्या एका वीज कंपनीत ते डेटाबेस सांभाळतात, पण हे त्यांच्याबद्दल सांगायची गोष्ट म्हणून कोणी सांगत नाही, ते स्वतः तर नाहीच. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ते नोकरी करतात आणि उरलेला वेळ बाराव्या-तेराव्या शतकात राहतात. ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात दोनशे वर्षं चाललेली ती क्रुसेड नावाची धर्मयुद्धं हा त्यांचा छंद, व्यसन, गाव, माहेर, जे म्हणाल ते. आम्ही राहतो कापेलला, म्हणजे गाडीनं सव्वा तास लांब, पण अंतरानं काही फरक पडत नाही, कारण फोन असतो. "जय भीम" म्हणून झालं की श्वास न घेता पुढचं वाक्य येतं, "आज कोणता किल्ला पडला माहीत आहे का?" सुरुवातीला मी घाबरून बातम्या लावायचो.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे आठ शतकं मागे जाऊन पिशवी भरणं. सुपरमार्केटमध्ये साखरेचा पुडा उचलला की ती सीरियातल्या उसाच्या मळ्यांतून युरोपच्या जिभेवर कशी चढली ते ऐकायचं. जर्दाळूसमोर आणखी दहा मिनिटं. गेल्या वर्षी भारतातून आलेल्या माझ्या आईवडिलांना पवनचक्की दाखवायला नेलं, तर तिथला मार्गदर्शक सांगत होता की ही कल्पना धर्मयुद्धाहून परतलेल्या सरदारांनी पूर्वेकडून आणली असं म्हणतात. दाजींनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "म्हणतात, पण पुराव्यात बसत नाही. पूर्वेकडच्या चक्कीचा आस उभा, तुमचा आडवा." पुढचा अर्धा तास मार्गदर्शकच श्रोता झाला. हार्लेमला तर ते आम्हाला खास घंटा ऐकायला घेऊन गेले. उन्हाळ्यात तिथं रात्री नऊ वाजताही लख्ख उजेड असतो. चर्चच्या मनोऱ्यातून दोन छोट्या घंटा किणकिणायला लागल्या, आणि हार्लेमच्या लोकांनी इजिप्तमधल्या दमिएत्ता बंदराची साखळी जहाजाला करवत लावून तोडली आणि तिथून या घंटा आणल्या, ही कथा दाजींनी इतकी रंगवून सांगितली की आजूबाजूचे चार पर्यटकही थांबले. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दाजी समाधानानं म्हणाले, "यातलं बहुतेक खोटं आहे. या घंटा पुष्कळ नंतरच्या." बाईंनी डोळे पुसले आणि त्या निघून गेल्या.

त्यांची मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. मैत्रिणी घरी आल्या की दारातूनच बजावते, "बाबा, प्लीज, नो क्रुसेड्स टुडे." दाजी मान डोलावतात आणि मैत्रिणींना विचारतात, "बुद्धिबळ येतं का? ते युरोपात कुठून आलं माहीत आहे?"

मी एकदा त्यांना विचारलं, दाजी, आपला या भानगडीशी संबंध काय? जगात इतका इतिहास पडला आहे, आपलाही कमी नाही. ते पहिल्यांदाच जरा गंभीर झाले. म्हणाले, "म्हणूनच. आपला इतिहास वाचताना माझं रक्त तापतं, मी लगेच एका बाजूला जाऊन उभा राहतो, राहायलाच पाहिजे. या भांडणात आपल्या आज्यापणज्यांतलं कोणी नाही. त्यामुळे इकडचा मेला तरी वाईट वाटतं, तिकडचा मेला तरी वाईट वाटतं. असं वाटून घ्यायला बरं असतं अधूनमधून."

हे सगळं पुस्तकात होतं तोवर ठीक होतं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सुरू झालं.

त्या खिडकीतून दोन शेजाऱ्यांच्या मागच्या बागा दिसतात. एक यान, निवृत्त सुतार, बायको गेल्यापासून एकटे. दुसरे इद्रिस, मोरोक्कोतून तरुणपणी आलेले, चाळीस वर्षं आर्नहेममध्ये बस चालवलेले. दोघांची मैत्री जुनी. यान यांच्या डोळ्यांना काही आजार होता, दर महिन्याला हॉस्पिटलात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे, आणि इद्रिस त्यांना आपल्या गाडीतून न्यायचे. इद्रिस यांनी कुंपणालगत अंजिराचं झाड लावलं होतं. ते वाढलं, यान यांच्या भाजीच्या वाफ्यावर सावली पडायला लागली, एकदोनदा बोलणं झालं, आणि एका सकाळी यान यांनी करवत घेऊन आपल्या बाजूच्या सगळ्या फांद्या कच्च्या अंजिरांसकट उतरवल्या. इद्रिस धावत बाहेर आले. यान म्हणाले, "झाडं लावायची तर आपल्या देशात जाऊन लाव." इद्रिस ओरडले, "क्रुसेडर!"

चहाचा कप हातात घेऊन खिडकीत उभ्या असलेल्या दाजींनी हे सगळं ऐकलं. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, नंतर सांगितलं की त्यांना भांडणाचं दुःख झालं होतं हे खरं, पण चेहऱ्यावर थोडं तेजही आलं होतं. मला फोन आला. "आठशे वर्षं झाली, आणि शिवी अजून ताजी आहे. पाहा तुम्ही!"

पण पुढचे महिने हसण्यासारखे नव्हते. दोघांचं बोलणं बंद झालं. दर शुक्रवारी इद्रिस यांच्या घरून यान यांच्याकडे सूप जायचं ते थांबलं. यान हॉस्पिटलात जाईनात. टॅक्सी सांगायची नाही, मुलीला कळवायचं नाही, नुसता हट्ट. दाजींना गाडी येत नाही, म्हणून एकदा ते स्वतः यान यांना बसनं घेऊन गेले, जाताना आणि येताना दोन्ही वेळा बोलत. पुढच्या तारखेला यान यांनी स्वतः फोन करून अपॉइंटमेंट रद्द केली. इकडे इद्रिस खिडकीतून पाहायचे की यान आता पत्रपेटीचं कुलूप उघडताना चाचपडतात, आणि मग पडदा ओढून घ्यायचे. ताई म्हणाल्या, "हा माणूस आंधळा होईल आणि तो माणूस ते बघत बसेल."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दाजींनी मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं. दोघांनाही त्यांनी चहाला बोलावलं होतं, दुसरा येणार आहे हे न सांगता. यान सोफ्यावर बसले होते, तेवढ्यात इद्रिस आत आले. दोघंही परत फिरण्याच्या बेतात. दाजी दारात आडवे उभे राहिले. "बसा. मी यांच्यातला नाही, तुमच्यातला नाही. मी बौद्ध आहे. त्या युद्धांत आमचा एकही माणूस नव्हता." दोघंही बसले, एक उत्तरेच्या भिंतीकडे बघत, एक दक्षिणेच्या.

दाजींनी डच भाषेत टाइप केलेला सहा कलमांचा तह टेबलावर ठेवला आणि तो वाचण्याआधी प्रस्तावना सुरू केली. एक सम्राट होता, त्याला पोपनं धर्माबाहेर काढलं होतं. एक सुलतान होता, त्याचं सख्ख्या पुतण्याशी वाकडं होतं. दोघांच्याही डोक्याला पुरेसा ताप होता. म्हणून त्यांनी लढाई सोडून पत्रं लिहिली आणि रक्ताचा थेंब न सांडता जेरुसलेमची वाटणी केली, दहा वर्षं आणि वर काही महिने अशा मुदतीनं. "कायमची शांतता मागितली असती तर कोणीच दिली नसती," दाजी म्हणाले. "मुदतीची मागितली, मिळाली. आणि घरी गेल्यावर दोघांनीही शिव्या खाल्ल्या!" चाळीस मिनिटं झाली. ताईंचा चहा गार झाला. ताईंनी पुन्हा केला, तोही गार झाला. शेवटी "थांबा, नकाशा दाखवतो" म्हणून दाजी वर माडीवर गेले.

मग यान भिंतीलाच सांगावं तसे म्हणाले, "बसमध्येही हेच. थेट हॉस्पिटलपर्यंत."

इद्रिस दुसऱ्या भिंतीला म्हणाले, "मला दातांच्या डॉक्टरकडे भेटले होते. माझा जबडा बधिर होता. थांबा म्हणताही येईना."

यान यांच्या खांद्यांना आधी कंप आला, मग ते हसतायत हे माझ्या लक्षात आलं. इद्रिसही हसायला लागले, आवाज वर जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून.

"डोळा कसा आहे?" हसू ओसरल्यावर इद्रिस यांनी विचारलं.

"उजव्यानं तू दिसतोस. डाव्यानं नुसता धूसरपणा."

"पुढची तारीख?"

"मंगळवार म्हणाले होते. मी नाही म्हणून कळवणार होतो."

"साडेआठला तयार राहा."

यान यांनी टेबलावरचा तहाचा कागद स्वतःकडे ओढला. "तसं बोलायला नको होतं मी," ते म्हणाले.

"मीही," इद्रिस म्हणाले. जिन्यावर पावलं वाजली तसे ते पुढे वाकून कुजबुजले, "चल, पटकन सही कर. नाहीतर तो नकाशा उघडेल."

दाजी खाली आले तेव्हा नकाशा गुंडाळलेलाच होता आणि तहावर दोन सह्या झाल्या होत्या. कलमं कोणीही वाचली नव्हती. दाजींचा विश्वासच बसेना. त्यांनी सह्या दिव्याखाली धरून पाहिल्या, मलाही साक्षीदार म्हणून सही करायला लावली, आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? मुदत घातली की माणूस ऐकतो." मी म्हटलं, "खरं आहे, दाजी." ताई माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी कप विसळायला घेतले. तीन महिन्यांनी त्या घरात मोकळा श्वास घेतला गेला होता. तो कोणामुळे, याचा हिशेब करावा असं मला वाटलं नाही. मंगळवारी साडेआठला इद्रिस यांची गाडी निघाली. डावा डोळा पूर्वीसारखा झाला नाही, पण उजवा वाचला, आणि सूपही पुन्हा सुरू झालं.

या वसंतात यान यांच्या मुलीनं त्यांना आपल्याजवळ, ब्रेडाला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी आम्ही गेलो होतो. खोकी इद्रिस यांनीच गाडीत रचली, पोहोचवायलाही तेच जाणार होते. यान दाजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. तुमचा तो सम्राट आणि सुलतान. तह झाल्यावर भेटले का कधी?"

मी मनातल्या मनात घड्याळ लावलं. पण दाजी एवढंच म्हणाले, "नाही. नुसतीच पत्रं. समोरासमोर कधीच नाही."

"अरेरे," यान म्हणाले, आणि गाडीत इद्रिस यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्या दुपारी जेवताना दाजी काही बोलले नाहीत. ताईंनी दोनदा वाढलं, मुलीनं मराठीत विचारलं, "बाबा, बरं आहे ना?" तरी ते नुसते हसले. चारच्या सुमारास त्यांनी ब्रेडाला फोन लावला. "पोहोचलात ना?" एवढंच विचारलं, आणि मग बराच वेळ, खिडकीपाशी उभे राहून, पलीकडचं बोलणं ऐकत राहिले.