जर्मनच्या हेडवरचा ओरखडा

जुनं पॅकिंग काढायचं काम आमच्या वर्कशॉपमध्ये कुणालाच आवडायचं नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं की त्याच्या तोंडावर ते जळून चिकटलेलं असायचं, पोळपाटावर वाळलेल्या कणकेसारखं. ते असं काढायचं की खालच्या धातूवर रेघ उमटू नये. उमटली, तर नवं पॅकिंग कितीही आवळा, त्या रेघेतून इंजिन थंड ठेवणारं पाणी वाट काढतंच.

आमचे मिस्त्री या कामात लोखंड वापरू द्यायचे नाहीत. घासलेटात भिजवलेली फडकी वर अंथरायची, सुकली की पुन्हा भिजवायची, आणि पॅकिंग फुगलं की बांबूच्या कांबीनं हळूहळू ढकलत काढायचं. कांब वाळलेली हवी, टोक पटाशीसारखं तासलेलं. बोथट झाली की पुन्हा तासा. "लोहा लगाया तो उंगली तोडूंगा," असं ते हसत म्हणायचे, पण म्हणायचे रोज.

ही गोष्ट नागभीडची, पन्नास सालानंतरची. चांद्याच्या जंगलातून सागाचे ओंडके स्टेशनवर आणणाऱ्या एका ठेकेदाराचा ट्रक आमच्याकडं होता. लढाईतून उरलेला, लष्करी. त्याचं हेड बिडाचं नव्हतं. आमच्याकडं ज्याला जर्मन म्हणतात त्या अल्युमिनियमचं, मऊ. दिवाळी झाली होती, जंगलातले रस्ते वाळले होते, दुसऱ्या दिवशी मोसमातली पहिली खेप होती. मिस्त्री सामान आणायला नागपूरला गेलेले. मला सासरच्या गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, जायचं होतं. दंडारीचा नाचगाण्याचा खेळ दुपारीच उभा राहणार होता.

ट्रकचा ड्रायव्हर दारात येऊन बसला. "काऊन गा, पॅकिंग काढून राह्यला का देवाले न्हाऊ घालून राह्यला?"

त्याचा क्लीनर, चांगला लेकुरवाळा माणूस, टायरवर बसून दात कोरत होता. "जाऊ द्या ना भाऊ. मंडईत बायको वाट पाहून राह्यली त्याची. बांगड्या नाई नेल्या तं जेवाले नाई भेटणार."

दोघं हसत चहाला गेले. मी कांब ठेवली आणि पटाशी घेतली.

पॅकिंग भराभर निघालं. शेवटी एका पाण्याच्या भोकाजवळ पटाशी घसरली. भोकापासून थेट काठापर्यंत रेघ गेली. नख फिरवलं, नख अडलं. मला तेव्हाच कळलं होतं. अजाणता झालं असं मी कधीच म्हणू शकणार नाही. रेघेत सफेदा भरला, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट आवळले आणि मंडईला गेलो.

सकाळी परतलो तेव्हा ड्रायव्हर बादलीनं ट्रकच्या रेडिएटरमध्ये पाणी भरत होता. उतू जाईपर्यंत भरलं. उतू गेलेलं त्याच्या पायावर सांडलं, तर त्यानं शिवी हासडली. हे मी पाहिलं.

ओंडके भरलेला ट्रक परत येताना चढावर इंजिन जाम झालं. पाणी वाटेतच गळून गेलं होतं. ओंडक्यांच्या वजनानं ट्रक मागं सरकू लागला, ब्रेक धरेना. क्लीनर ठोकळा घेऊन उतरला. चाकामागं ठोकळा लावणं हे त्याचंच काम. पाचोळ्यावर ठोकळा घसरला. चाक त्याच्या छातीवरून गेलं.

ट्रक बैलांनी ओढून आणला. तोवर मिस्त्री परतले होते. ते बाहेर ठेकेदाराशी बोलत असताना हेड मी उतरवलं. पॅकिंगखाली ती रेघ होती, आणि तिच्यातून काठापर्यंत गंजाच्या पाण्याचा माग. या वेळी पॅकिंग मी कांबीनं काढलं, मिस्त्रींनी शिकवलं तसं. मग काचेवर पॉलिशपेपर अंथरला आणि त्यावर हेड घासत राहिलो, रेघ दिसेनाशी होईपर्यंत. इतकं साफ काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

मिस्त्रींनी आत येऊन नख फिरवलं. "हेड तो साफ है," ते ठेकेदाराला म्हणाले. "पानीच नहीं डाला उसने."

ड्रायव्हरला काढून टाकलं. क्लीनरच्या भावानं त्याला भर बाजारात चपलेनं मारलं. ड्रायव्हर वळकटी न्यायला आला तेव्हा त्याचा ओठ सुजलेला होता. म्हणाला, "भाऊ, तू तं होता ना गा तिथी. मले पाणी भरताना पाह्यलं ना तू?"

"मी कामात होतो," मी म्हणालो. "मले ध्यान नाई."

त्याला पुन्हा कुणी गाडी दिली नाही.

बऱ्याच वर्षांनी तो ब्रह्मपुरीला दिसला. धानाच्या गिरणीत पोती वाहत होता, भुवयांवर कोंडा. त्यानंच ओळखलं, त्यानंच चहा सांगितला. इकडचं तिकडचं झालं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "लय इचार केला गा मी. मीच विसरलो असन पाणी भराले. थंडी होती, चहा पेलो अन् तसाच बसलो असन गाडीत. उगाच तुले गवाही मागत होतो. तो बिचारा माह्यामुळं गेला."

सांगायला तीच वेळ होती. गिरणीचा आवाजही थांबला होता.

मी म्हणालो, "होते असं माणसाच्या हातून."

त्यानं मान हलवली आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.